बाटलीभर तेल आणि एक स्वप्न

नरकचतुर्दशीच्या पहाटे, अजून अंधार असतानाच, घरात वासाच्या तेलाची बाटली निघते. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट केलेले तेल, शेजारी उटणे, आणि न्हाणीघरापुढे उभ्या असलेल्या पोराटोरांची कुडकुड. स्नाने आटोपली, फराळाची ताटे झाली, की ज्याच्या हाती दिवाळी अंक लागेल तो एखादा कोपरा गाठतो आणि दुपारपर्यंत कुणाला ओ देत नाही. तेल आणि गोष्ट ह्या दोन वस्तूंचा आपल्या दिवाळीशी असा जुना ऋणानुबंध आहे. पण केसांना लावायच्या तेलाच्या बाटलीतून एकदा खरोखरच एक गोष्ट निघाली आणि ती आपल्या देशातल्या अगदी पहिल्या विज्ञानकथांपैकी एक ठरली, हे मी वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. त्या बाटलीचा माग काढता काढता मी आणखी दोन-तीन गोष्टींपाशी जाऊन पोचलो. सणाच्या दिवशी चार घटका करमणूक व्हावी म्हणून त्या सांगायला बसलो आहे. मात्र त्यांतली शेवटची गोष्ट केवळ करमणुकीची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

'विज्ञानकथा' हा शब्द आज आपल्या जिभेवर रुळला आहे. पण हा प्रकार वेगळा ओळखला जाऊ लागला तो फार उशिरा. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ अशाच गोष्टींना वाहिलेले मासिक काढले, तेव्हा त्या प्रकाराला स्वतःचे घर मिळाले आणि दारावर पाटीही लागली. त्याआधी गोष्टी नव्हत्या असे नाही. ज्यूल व्हेर्नने १८६५ सालीच आपली माणसे तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडली होती, आणि एच. जी. वेल्सचे कालयंत्र १८९५ साली धावू लागले होते. पण ह्या गोष्टींना बिऱ्हाड नव्हते. त्या पाहुण्यासारख्या कुणाच्याही घरी उतरत. कधी वर्तमानपत्राच्या पुरवणीत, कधी बायकांच्या मासिकात, तर कधी जाहिरातीच्या पुस्तिकेत.

त्यांना ओळखायची खूण एकच, आणि ती म्हणजे 'समजा' हा शब्द. मुले खेळताना म्हणतात, 'समज, मी राजा आणि तू प्रधान.' गणिताचे मास्तरसुद्धा 'समजा, अबक हा एक त्रिकोण आहे' असे म्हणून नसलेला त्रिकोण फळ्यावर उभा करतात आणि मग त्याच्यापासून खरे सिद्धांत काढून दाखवतात. ह्या गोष्टींचे काम असेच चालते. एक 'समजा' मान्य करायचा आणि पुढे हिशेब चोख ठेवायचा. परक्याच्या राज्यात किंवा पडद्याच्या आड राहणाऱ्या माणसाला हा शब्द किती उपयोगी पडत असेल, ह्याचा विचार मात्र मी ह्या गोष्टी वाचीपर्यंत कधी केला नव्हता.

पहिली गोष्ट १८३५ सालची. त्या वर्षी फेब्रुवारीत मेकॉलेसाहेबाने आपले ते प्रसिद्ध टिपण लिहिले. हिंदी लोकांना इंग्रजी विद्या द्यावी, म्हणजे रक्ताने हिंदी पण आवडीनिवडीने इंग्रज असा एक वर्ग तयार होईल, असा त्याचा हिशेब होता. त्यानंतर चारएक महिने लोटतात न लोटतात, तोच जूनमध्ये 'कलकत्ता लिटररी गॅझेट' ह्या पत्रात एक इंग्रजी कथा छापून आली. लेखक हिंदू कॉलेजात शिकलेला एक कोवळा तरुण, कैलासचंद्र दत्त. कथेचे नाव मराठीत सांगायचे तर '१९४५ सालातील अठ्ठेचाळीस तासांची रोजनिशी'. म्हणजे ह्या पोराने एकशेदहा वर्षे पुढे उडी मारली होती. आणि पुढे जाऊन त्याने पाहिले काय? तर कलकत्त्यात इंग्रज सत्तेविरुद्ध बंड उठले आहे, आणि त्याचा पुढारी भुवनमोहन नावाचा इंग्रजी शिकलेला, बोलण्यात पटाईत असा तरुण आहे. मेकॉलेच्या हिशेबात हा हातचा धरायचा राहून गेला होता!

ह्या कथेत बंड मोडते आणि भुवनमोहनाचा शिरच्छेद होतो. मी ती हकीगत वाचली तेव्हा माझे मन तिथेच अडखळले. त्या मुलाला बंड सुचले, बंडाचे सालही सुचले, आणि ते खऱ्या स्वातंत्र्याच्या सालाच्या दोनच वर्षे अलीकडे पडले. पण विजय सुचला नाही. १८३५ साली कलकत्त्यात बसून एवढा मोठा 'समजा' उच्चारणे त्याला जड गेले असावे. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४५ साली, त्याच घराण्यातल्या शशिचंद्र दत्तांनी ओरिसाच्या प्रजासत्ताकाची एक कल्पित कथा लिहिली. तिचा काळ विसाव्या शतकातला, आणि तिथे मात्र ओरिसा स्वतंत्र होतो. एका पिढीच्या आतच 'समजा'ला थोडे धैर्य आले म्हणायचे.

आता तेलाच्या बाटलीकडे वळतो. १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बसू नावाचे एक हरहुन्नरी व्यापारी होते. त्यांचे 'कुंतलीन' नावाचे केशतेल होते, 'देलखोश' नावाचे अत्तर होते, आणि पुढे सायकली, मोटारी, ध्वनिमुद्रणाच्या नळ्या असे नव्या जमान्यातले सगळेच धंदे त्यांनी करून पाहिले. तेल खपवायचे तर जाहिरात हवी. बसूबाबूंनी एक नामी युक्ती काढली. त्यांनी गोष्टींची स्पर्धा लावली. उत्तम गोष्टीला बक्षीस मिळेल, गोष्टी पुस्तकरूपाने छापल्या जातील; अट एवढीच की गोष्टीत कुठेतरी कुंतलीनचा उल्लेख यावा, आणि तरी ती जाहिरात वाटू नये. हा 'कुंतलीन पुरस्कार' पुढे बंगालीत बराच गाजला. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची 'मंदिर' ही पहिली छापील गोष्ट ह्याच स्पर्धेतली, आणि तीही त्यांनी आपल्या मामाच्या नावाने पाठवली होती.

१८९६ साली ह्या स्पर्धेत पहिले बक्षीस 'निरुद्देशेर काहिनी' ह्या गोष्टीला मिळाले. गोष्टीवर लेखकाचे नाव नव्हते. ती होती जगदीशचंद्र बसूंची! ज्यांनी अदृश्य विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून त्यांच्या जोरावर घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली, तेच हे प्रेसिडेन्सी कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक.

गोष्ट अशी. बंगालच्या उपसागरात भयंकर वादळ उठले असून ते कलकत्त्यावर आदळणार, असा हवामान खात्याचा इशारा येतो. सारे शहर जीव मुठीत धरून बसते. आणि वादळ येतच नाही! नुसते चुकते असे नव्हे, ते कुठे गेले ह्याचा पत्ताच लागत नाही. विलायतेतले विद्वान सभा भरवतात, शास्त्रीय पत्रांतून वाद झडतात, एकापेक्षा एक जंगी उपपत्ती निघतात. खरे कारण एकट्या निवेदकाला ठाऊक असते. बिचारा तापातून उठलेला, डोक्यावरचे केस जवळजवळ सगळे गेलेले. त्याची लहानगी मुलगी भूगोल शिकते आहे. बेट म्हणजे काय हे तिला पुस्तकापेक्षा बाबांच्या टकलावरच्या चुकार झुबक्यांवरून चटकन समजते! डॉक्टर समुद्रप्रवासाचा सल्ला देतात, तो सिलोनच्या बोटीवर चढतो, आणि मुलगी त्याच्या सामानात केशतेलाची एक बाटली घालून देते. समुद्रात तेच वादळ बोटीला गाठते. बोट आता बुडणार, तेवढ्यात त्याला आठवते की तेलाने लाटा शांत होतात. तो बूच काढून बाटली समुद्रात भिरकावतो, आणि पाहता पाहता समुद्र निवळतो. कलकत्ता वाचते ते असे!

गोष्ट थट्टेची खरी, पण तिच्या पोटात शास्त्र आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिले होते. ते तेल पसरत पसरत गेले आणि जवळजवळ अर्धा एकर पाणी आरशासारखे गुळगुळीत झाले. १७७४ साली त्याने ही हकीगत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेलाचा पातळ थर पाण्यावर ताणून बसतो, बारीक तरंग मारतो, आणि मग वाऱ्याला पाणी पकडायला जागाच उरत नाही. खवळलेल्या समुद्रात बोटीच्या बाजूने तेल सोडायची रीत खलाशांनाही ठाऊक होती. बाटलीभर तेलाने चक्रीवादळ मरणार नाही, हे बसूंना कुणी सांगायला नको होते. 'समजा' एवढाच, बाकी तर्क शुद्ध.

कलकत्त्याच्या वाचकाला वादळ म्हणजे थट्टा नव्हती. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी आलेल्या चक्रीवादळात साठ हजारांच्या आसपास माणसे दगावली होती. १८७५ साली सरकारने हवामान खाते काढले, त्यामागे ह्या वादळाची आठवण होती. ज्यांच्या घरातली माणसे त्या वादळात गेली, त्यांच्याच पुढच्या पिढीला बसूंनी वादळावर हसवले, आणि तेही शास्त्राच्या आधाराने.

आणखी एक गोष्ट मला ह्या हसण्याच्या मागे दिसते. १८८५ साली बसू प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले तेव्हा हिंदी माणसाला शास्त्र शिकवता येईल का, अशी साहेबांना शंका होती. पगारही गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कितीतरी कमी ठरवला गेला. बसूंनी भांडण केले नाही. तीन वर्षे ते रोज कॉलेजात जाऊन शिकवीत राहिले, आणि पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारने हार मानली आणि सगळी बाकी पूर्ण पगाराच्या दराने चुकती केली. असा मनुष्य जेव्हा लिहितो की बंगालच्या वादळाचे कोडे युरोपातल्या पंडितांना सुटले नाही आणि ते एका टक्कल पडलेल्या बंगाल्याने घरच्या तेलाने सोडवले, तेव्हा त्या विनोदाची धार कुणाकडे आहे हे उघड आहे. सरळ लिहिले असते तर ते गाऱ्हाणे झाले असते. पुढे १९२१ साली 'अव्यक्त' ह्या आपल्या पुस्तकात बसूंनी ही गोष्ट 'पलातक तुफान', म्हणजे पळपुटे वादळ, ह्या नावाने पुन्हा सजवून छापली.

आता कुणी विचारील, की बंगाल्यांच्या घरी ही पाहुणी मंडळी उतरत होती तेव्हा आपण मराठी माणसे काय करत होतो? उत्तर ऐकून आनंद होईल. आपण चंद्रावर निघालो होतो, आणि तेही केरळात जन्मलेल्या मासिकातून! टेंभूचे कृष्णाजी नारायण आठल्ये हे चित्रकार आणि कवी. नशिबाने त्यांना केरळात नेले, आणि १८८६ साली तिथे 'केरळ कोकिळ' हे मराठी मासिक सुरू झाले. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, नारळीच्या वनात बसून हा कोकिळ मराठीत कूजन करीत होता, आणि महाराष्ट्रात त्याची वाट पाहणारे वाचक होते. ह्याच मासिकात १९०० सालापासून १९०६ पर्यंत ज्यूल व्हेर्नची चंद्रकथा 'चंद्रलोकची सफर' ह्या नावाने क्रमशः आली. मला ह्या सहा वर्षांचे मोठे कौतुक वाटते. ज्या माणसाने आगगाडीत पाऊल टाकले त्याचे गावात नाव व्हायचे, अशा काळात कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या माजघरात दरमहा पोस्टाने चंद्राचा एक तुकडा येत होता. आजोबा तो मोठ्याने वाचत असतील, नातू ऐकत असेल. त्या नातवाला जर लांबचे आयुष्य लाभले असेल, तर १९६९ सालच्या जुलैत म्हातारपणी रेडिओपाशी बसून त्याने माणूस खरोखर चंद्रावर उतरल्याची बातमी ऐकली असेल. त्याला ती बातमी फारशी नवी वाटली नसेल.

ह्याच दशकात, १९०९ साली, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. आज तुमच्या हातात हा अंक आहे त्याचे मूळ तिथे आहे. त्या 'मनोरंजन'च्याच काळात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही गोष्ट आली. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. मराठीतही ह्या पाहुण्याने वेगळी खोली मागितली नाही. घरच्यांच्या पंगतीतच त्याचे पान मांडले गेले.

आणि आता ती शेवटची गोष्ट. बंगालमधल्या रंगपूर जिल्ह्यात पैराबंद नावाचे गाव आहे. आज ते बांगलादेशात येते. तिथल्या एका जमीनदार मुसलमान घराण्यात १८८० साली रुकैयाचा जन्म झाला. बंगालीत तिला रोकेया म्हणतात. मुलींना अरबी अक्षरे आणि कुराणपठण एवढेच शिकवायचे, बंगाली आणि इंग्रजी नाही, असा घरचा शिरस्ता. पडदा इतका कडक, की लहान मुलींनाही परक्या बायकांसमोर येण्याची बंदी. सगळे घर झोपले म्हणजे मोठा भाऊ रात्री मेणबत्ती लावून बहिणीला इंग्रजी शिकवीत असे. विशी गाठायच्या आतच तिचे लग्न झाले ते भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी. ते वयाने बरेच मोठे आणि विधुर होते. पण मन उदार. त्यांनी बायकोला आणखी शिकायला प्रोत्साहन दिले.

एकदा हे डेप्युटीसाहेब फिरतीवर गेले असता रोकेयांनी वेळ जावा म्हणून, आणि आपले इंग्रजी कितपत आले आहे हे नवऱ्याला दाखवावे म्हणून, एक गोष्ट लिहिली. साहेब परतले, आणि उभ्या उभ्याच त्यांनी ती सगळी वाचून काढली. वाचून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, की हा तर भयंकर सूड आहे! मग त्यांनी ती इंग्रजी तपासायला भागलपूरच्या कमिशनरकडे पाठवली. साहेबाने एकही दुरुस्ती न करता, उलट तारीफ करून ती परत केली. १९०५ साली ती गोष्ट मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. कमला सत्यनाथन ह्या बाई १९०१ पासून हे मासिक चालवीत होत्या. तिचे नाव 'सुलतानाज ड्रीम', म्हणजे सुलतानाचे स्वप्न.

आरामखुर्चीत बसल्या बसल्या सुलतानाला डुलकी लागते आणि तिला एक देश दिसतो. तिथे रस्त्यावर फक्त बायका. सुलताना बिचारी उघड्या तोंडाने चालताना लाजते, तेव्हा बरोबरची सारा तिला समजावते की इथे भीती नाही, पुरुष सगळे घरात आहेत. जनान्याच्या जागी मर्दाना झाला आहे! स्वयंपाकघरात धूर नाही की कोळसा नाही, उन्हाची उष्णता साठवून तिच्यावर अन्न शिजते. नळ्या लावलेला एक मोठा फुगा ढगांतून पाणी ओढून घेतो, म्हणून अवर्षण नाही. शेते विजेवर नांगरली जातात. बायका हवेतून जाणाऱ्या गाडीत बसून फिरतात. एकवीस वर्षांच्या आत मुलीचे लग्न करायचे नाही असा राणीचा कायदा आहे. आणि हे सगळे झाले कसे? तर राणीने मुलींसाठी शाळा आणि विद्यापीठे काढली, तिथल्या बायकांनी उन्हाचे आणि पाण्याचे शोध लावले, आणि पुरुष मात्र फौजा वाढवण्यात गुंतून त्या शोधांना हसत राहिले. मग शत्रू चालून आला. फौजा हरल्या, थकलेले पुरुष घरात जाऊन बसले, आणि एक बाईसाहेब आपल्या दोन हजार विद्यार्थिनी घेऊन रणात गेल्या. साठवलेले ऊन त्यांनी शत्रूवर सोडले, युद्ध संपले. पुरुष घरात राहिले ते राहिलेच.

वाचताना हसू येते. कचेरीत पुरुष दिवसाचे सहा तास चिरूट ओढण्यात घालवतात, म्हणून त्यांचे काम बायका दोन तासांत उरकतात, हा हिशेब वाचून कुणीही गृहिणी मान डोलावील. पण सारा एक प्रश्न विचारते तो हसण्यावारी नेता येत नाही. वेडे माणूस मोकळे सुटले तर तुम्ही शहाण्यांना कोंडता की वेड्याला? मग ज्यांच्यापासून भीती आहे त्यांना मोकळे सोडून, ज्यांना भीती आहे त्यांनाच घरात का कोंडता? गोष्टीच्या शेवटी सुलताना त्या हवेतल्या गाडीतून घसरून पडते आणि जागी होते. पाहते तो, आपल्याच आरामखुर्चीत.

रोकेयांनी पुढे १९३१ साली 'अवरोधवासिनी' ह्या पुस्तकात पडद्यातल्या बायकांच्या सत्तेचाळीस हकीगती लिहिल्या. त्यांत त्यांच्या नात्यातल्या एका मामेसासूची हकीगत आहे. भागलपुराहून पाटण्याला जाताना किऊल स्टेशनावर गाडी बदलायची होती. बुरख्यात पाय अडकून त्या फलाट आणि गाडी ह्यांच्या मधल्या फटीत पडल्या. हमाल धावले, तशी बरोबरची मोलकरीण ओरडली, 'खबरदार, बीबींच्या अंगाला हात लावाल तर!' एकटीने तिला त्या ओढून निघेनात. गाडी सुटली. एक माणूस सहज वाचला असता, आणि शेपन्नास माणसांच्या देखत तो गेला. हे वाचले म्हणजे मग 'सुलतानाचे स्वप्न' पुन्हा वाचावे. हवेतली गाडी, मोकळा रस्ता, बिनधास्त चालणाऱ्या बायका, ह्या गमतीच्या कल्पना कुठून आल्या ते कळते. आणि डेप्युटीसाहेब त्या गोष्टीला सूड का म्हणाले तेही कळते.

१९०९ साली सखावत हुसेन वारले. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी पैसे मागे ठेवले होते. रोकेयांनी भागलपुरात पाच मुली घेऊन शाळा काढली. घरच्या कटकटींमुळे तिथून निघावे लागले, तेव्हा १९११ साली कलकत्त्यात आठ मुली घेऊन पुन्हा काढली. स्वप्नातली राणी एका हुकुमाने शाळा उघडते. इथे ह्या बाईला दारोदार हिंडून आईबापांच्या विनवण्या कराव्या लागल्या. मुलींना आणायला बंद गाडी हवी, नाहीतर कुणी मुलगी पाठवीना. शाळेने मोटार केली. ती अशी बंदिस्त, की आत काळोख आणि गुदमर. पहिल्याच दिवसांत मुली घाबरून रडल्या, कुणाला ओकाऱ्या झाल्या, कुणी बेशुद्ध पडल्या. मग झडपा काढून पडदे लावले. वाऱ्याने पडदे उडू लागले, तर लोकांची पत्रे आली, की ही गाडी बेपर्दा आहे, असेच चालू राहिले तर आम्ही बोभाटा करू. 'अवरोधवासिनी'तली अखेरची हकीगत ही आहे. जिने हवेतल्या गाड्या उडवल्या होत्या, तिला शाळेच्या मोटारीचे पडदे कितपत उघडे ठेवावेत ह्यावर भांडावे लागले. तरी तिने शाळा बंद केली नाही. ९ डिसेंबर १९३२ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या टेबलावर स्त्रियांच्या हक्कांवरचा एक अपुरा लेख पडला होता. शाळा कलकत्त्यात आजही आहे.

आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी 'पालखीचा गोंडा' ह्या कादंबरीत अशाच एका संस्थानाची कल्पना केली. ती १९२८ साली प्रसिद्ध झाली. तिथेही कारभार एका स्त्रीच्या हाती येतो आणि ती बायकांसाठी राज्याची घडी बदलते. काशीबाईही घरातल्यांची बोलणी ऐकत, चोरून, स्वतःच्या हिकमतीने शिकलेल्या. शेकडो कोसांच्या अंतरावर, वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या दोन बायकांना एकच 'समजा' सुचावा, ह्यात नवल नाही. दोघींच्या दाराला कडी एकाच बाजूने होती.

ह्या सगळ्याचा शेवट कुठे करावा ह्याचा विचार करीत होतो, तेव्हा आपल्याच मराठीतली एक हकीगत आठवली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या गोष्टीला पहिले बक्षीस मिळाले. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, ते पुढे उघड झाले. ते होते डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंनी ती गोष्ट स्वतःच्या हाताने उतरवून दिली होती. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ, गोष्टींची स्पर्धा, झाकलेले नाव आणि पहिले बक्षीस. कुंतलीनच्या बाटलीची आठवण होऊ नये तर काय! दरम्यान अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटली होती. फरक एवढाच, की ही गोष्ट तेलवाल्याच्या घरी पाहुणी म्हणून आली नव्हती. तिला आता स्वतःचे घर होते, स्वतःचे नाव होते.

घर झाले हे चांगलेच झाले. तरीसुद्धा मला त्या बेघर गोष्टींविषयी जास्त ओढ वाटते. कैलासचंद्राला विजय सुचला नाही, पण साल सुचले. बसूंनी थट्टेत आपला अपमान बुडवला. आणि रोकेयांनी आरामखुर्चीत बसून असा देश पाहिला, जिथे बाई पडली तर तिला उचलायला हात मिळेल. ह्यांतले काहीही त्या दिवशी खरे नव्हते. उन्हावर अन्न शिजवणारी चूल आज गच्चीत ठेवलेली दिसते, मुलींनी भरलेली शाळेची गाडी उघड्या खिडक्यांनी आपल्या दारावरून जाते, आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

उद्या पहाटे वासाच्या तेलाची बाटली निघेल. घरातली एखादी मुलगी न्हाऊन, फराळ करून, हा अंक घेऊन कोपऱ्यात बसेल आणि मान वर करून म्हणेल, 'बाबा, समजा…' तेव्हा तिला मध्येच अडवू नका. तिचे पुरते ऐकून घ्या.